गेरू रोखून उभा आहे

१८ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. अमरावतीहून भातकुलीपर्यंत जीप, तिथून पुढे नत्थुजींचा छोटा टेम्पो. मागे माझ्या पेट्या, पुढे मी आणि मांडीवर गेरू. चार महिन्यांचं आयरिश सेटर पिल्लू, केस न् केस गेरूनं सारवल्यासारखा. अख्ख्या रस्ताभर त्यानं खिडकीबाहेर नाक काढून वारा खाल्ला आणि शेत दिसायला लागल्यावर माझ्या ओढणीवर ओकला. नत्थुजी इतके हसले की टेम्पो बाजूला घ्यावा लागला.

घर मला फार आवडलं. शेताच्या कडेला दोन खोल्या, वर टिनं, एकच दार, त्याला जाळी, पुढे सिमेंटचा ओटा. नत्थुजी आणि माणिकबाई गावात राहतात, पण शेत त्यांचंच. माणिकबाईंनी ज्वारीची भाकर, ठेचा आणि गोड्या पाण्याची कॅन आणून ठेवली होती. इथल्या विहिरीचं पाणी खारं, त्यात चहा नासतो म्हणाल्या. ओट्यावर उभं राहिलं की आधी कपाशी, मग तूर, आणि तुरीपलीकडे सरकारी ई-क्लासचं, म्हणजे चराईच्या जमिनीचं गवत, नजर पोचेल तिथवर.

त्या गवतासाठीच तर आम्ही आलोय. खरमोर हा दुर्मीळ माळरानी पक्षी पावसाळ्यात असल्या गवतात अंडी घालतो आणि माणसाला काही केल्या दिसत नाही. कुत्र्याला वासानं सापडेल, असं आमच्या संस्थेला वाटतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेरूला तयार करायचं. इतकं मनासारखं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

शिट्टीवर येतो. 'थांब' म्हटलं की थांबतो, फुलपाखरू दिसेपर्यंत.

माणिकबाई रोज डबा घेऊन येतात आणि ओट्यावर बसून आमची शाळा बघतात. आज त्यांनी विचारलं, की हा पाखरू पकडत नाही, भुंकत नाही, मग करतो काय? मी समजावलं. सेटरला वास लागला की तो जागीच गोठतो. एक पाय उचललेला, शेपूट सरळ, नाक वासाकडे. आणि गंमत अशी की तो रोखून उभा असेतोवर पाखरूही गवतात चेपून बसतं, हलत नाही. मग मागून मी पुढे चालत जायचं आणि ते उठवायचं. बसवून ठेवणं त्याचं काम, उठवणं माझं.

 डबा उचलताना त्यांनी एवढंच सांगितलं की बाभळीच्या पल्याड गवतात त्याला नेऊ नका. रानडुकरं असतील, असं मी धरून चालले.

१६ नोव्हेंबर

आज जमलं. गळाच्या काठीला पाळीव बटेराचा पंख बांधून ओट्यासमोर फिरवत होते. रोज तो पंखामागे धावतो आणि तोंडघशी पडतो. आज धावता धावता थबकला. पुढचा डावा पाय वर, कान पुढे, अंगातली नस न् नस ताणलेली. मी श्वास रोखून उभी. मग हळूच त्याच्या पुढे गेले, पंख उचलला आणि त्याला जवळ घेतलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी त्याच्या कानांतली आणि बोटांमधली कुसळं काढली. या गवताची कुसळं सुईसारखी आत शिरतात.

३० नोव्हेंबर

पहिला खरा तितर! तुरीच्या धुऱ्यावर गेरू थांबला, मी पुढे झाले आणि पायाजवळून फडफड करत जोडी उठली. नत्थुजी बांधावरून बघत होते. मुलाच्या निकालाचे असावेत तसे त्यांनी मला पेढे आणून दिले. गेरूनं दोन खाल्ले.

९ डिसेंबर

आज दोर सुटला आणि गेरू बाभळीच्या पल्याड गेला. मी मागे धावले. गवत छातीपर्यंत होतं. आत तो थांबलेला दिसला. इतका सुंदर थांबलेला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. फक्त शेपूट खाली होती, आणि थरथरत होती.

मी शिकवल्याप्रमाणे पुढे गेले. काही उडालं नाही. गवतात एक जागा चेपलेली होती, गोल, उकिडवं माणूस बसावं एवढी. माती मात्र थंड, आणि बंद खोली उघडावी तसा वास. मी त्या जागेत उभी असताना डाव्या हाताचं गवत दुभंगलं आणि ती फट तुरीच्या दिशेनं सरकत गेली. वारा नव्हता.

ससा असेल. गेरूला शाबासकी दिली. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलंच नाही, त्या फटीकडे पाहत राहिला.

११ डिसेंबर

तुरीच्या कडेशी पुन्हा थांबला. पुढे गेले. काही नाही. परत तीच चेपलेली जागा, तोच वास. परत तुरीत काहीतरी सरकलं, या वेळी घराच्या बाजूला. वाळलेल्या शेंगा खुळखुळत गेल्या.

हा नसलेल्या वासावर थांबायला लागला तर सगळी मेहनत फुकट जाईल. दुपारी त्याला रागावले. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यापासून लांब जाऊन बसला.

१२ डिसेंबर

माणिकबाईंना सांगितलं, की पिल्लू बिघडलंय, बाभळीपल्याड गेल्यापासून उगाच थांबतं. त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. मी पुढे गेले होते का, विचारलं. किती वेळा गेले, विचारलं.

मग म्हणाल्या, "कुत्र्याले काहून बोलता, ताई? त्यानं त बसवूनच ठेवलं होतं. उठवलं तुमी."

काय उठवलं, ते त्यांना सांगता येईना. त्याला नाव नाही म्हणाल्या. ते गवतात बसलेलं असतं, कुणाच्या वाटेला जात नाही, म्हणून तो तुकडा कुणी कापत नाही. नत्थुजींचा धाकटा भाऊ सहदेव यानं कापला होता. ट्रॅक्टर घेऊन गेला, थोडं शेत वाढवावं म्हणून. त्यानंतर तो चालताना सारखा मागे वळून बघायचा. एका भर दुपारी याच ओट्यावर उकिडवा बसलेला सापडला, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे. प्राण गेलेला होता, पण पाय काही सरळ होईनात.

"तसंच बसवून न्या लागलं त्याले," म्हणाल्या.

मी शिकलेली बाई आहे, हे मनात घोकत भांडी घासली.

१५ डिसेंबर

गेरू विहिरीजवळ थांबला. कपाशीत, घरापासून हाकेच्या अंतरावर. मी पुढे गेले नाही. शिट्टी वाजवली. आला नाही. शेवटी मागून जाऊन त्याला उचललं. त्याची मान वळली, नजर सुटली, आणि त्याच क्षणी पऱ्हाट्या हलल्या. आमच्या दिशेनं.

नत्थुजी आले. घरी चला म्हणाले. टेम्पो सुरूच ठेवला होता. माणिकबाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर सुनेचं तान्हं बाळ. त्या नको म्हणाल्या नाहीत. फक्त बाळाला पदराखाली घेतलं. मी पाहिलं. ते आमच्या मागोमाग त्या घरात आलं असतं. म्हटलं, नको, आमची गाडी येईपर्यंत राहते इथंच.

नत्थुजी जाताना एवढंच म्हणाले, "तुमी पुढं पाऊल टाकू नका. बस."

१६ डिसेंबर

संस्थेत फोन केला. पिल्लू आजारी आहे, परत बोलवा, असं सांगितलं. गाडी रविवारी, २२ तारखेला सकाळी पाठवतो म्हणाले. त्याआधी एकही मोकळी नाही.

१८ डिसेंबर

गेरू खात नाही. अंडं कालवलं, कोंबडी उकळलेलं पाणी दिलं. जाळीशी उभा राहतो. दमला की पडतो, डोळे उघडे ठेवून. पडला की बाहेर काहीतरी सरकतं, ते आता मलाही ऐकू येतं. मग तो पुन्हा उठतो.

सात महिनेही पुरे झाले नाहीत त्याला. हे मी शिकवलं.

२० डिसेंबर

ते आता ओट्याच्या पायरीवर. पायरीवरची धूळ पुसल्यासारखी गोल झालीय.

तितर नाहीत, चिमण्या नाहीत. सकाळपासून एकाही पाखराचा आवाज नाही.

२१ डिसेंबर

आज ओट्यावर. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मधे जाळी आणि गेरूची नजर. दुसरं दार नाही. खिडक्यांना गज.

मला काही दिसत नाही. सिमेंट दिसतं, कपाशी दिसते. पण जाळीतून तो वास आत येतो.

गेरूच्या पाठीवर हात ठेवून बसले. काळीज किती धडधडतंय त्याचं. सोन्या, उद्या गाडी येते. उद्यापर्यंत.

२२ डिसेंबर, सकाळ

गाडी मूर्तिजापूरजवळ बंद पडली. दुपार होईल म्हणतात.

गेरूचा उचललेला पाय थरथरतो. टेकतो, लगेच उचलतो. जाळीला काहीतरी टेकलंय. तार आत वाकलीय.

राहवलं नाही. नत्थुजींना फोन केला. मी फोनवर रडले. लगेच निघतो म्हणाले.

थोड्या वेळानं

हे काय केलं मी.

नत्थुजी बाहेरून येणार. शेतातून, ओट्याकडे. ओट्यावर बसलेल्या त्याच्या मागून. पाखराच्या मागून माणूस चालत आला की ते पुढे उठतं. पुढे आम्ही आहोत.

फोन लावतेय. वाजतो, उचलत नाहीत. मोटरसायकलवर असणार, फोन खिशात.

पुन्हा लावला. पुन्हा —

ओरडून थांबवावं? माझ्या आवाजावर गेरू वळतो. तेच शिकवलंय त्याला, पहिल्या दिवसापासून. वळला की —

वही गुडघ्यावर आहे. मी उकिडवी बसलेय. कधी बसले, आठवत नाही. उठायला गेले तर पाय

मोटरसायकल. विहिरीपाशी आली.

गेरू, माझ्या राजा, थांब. तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय. थांब. थांब.

बंद झाली गाडी. नत्थुजी चालत येतायत. सावकाश, कपाशीतून. हाक मारतायत, ताई, ओ ताई —

तार आणखी आत आलीय

गेरूचा पाय खाली