भोंगा शुक्रवारी वाजतो

४ मार्च, मंगळवार

आज कोड वाचताना कळलं. गावाचा त्सुनामीच्या लाटेचा भोंगा खऱ्या लाटेला वाजणारच नाही!

आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन फायली. एक बोटींच्या धक्क्यावरच्या पाइपातला फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, बघते – पाणी किती चढलं. दुसरी भोंगा वाजवते. पहिली उघडताना दुसरीला बोलावते. आणि दुसरी उघडताना धोक्याची पातळी विचारायला पहिलीकडेच जाते! पहिली तर अजून अर्धवट उघडलेली. तिच्याकडे पातळी कुठून असणार? मग एरर. इम्पोर्टचा असला गोल फेरा शिकाऊ पोरंही रोज घालतात. पण इथे त्या एररवर कोणीतरी पांघरूण घातलंय – एरर आली तर भोंगा नाहीच असं समज आणि गुपचूप पुढे चल.

कोणीतरी कसलं, सेमिसीमामानेच. आईचा सख्खा भाऊ, टेकडीवरच्या कचेरीत माझा साहेब.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी चाचणीचा भोंगा नेहमीसारखा खणखणीत वाजला. मामा म्हणाला, वाजतोय की, कशाला घाबरवतेस लोकांना. मीच चक्रावले. मग बसून ओळ न् ओळ पाहिली.

चाचणी भोंग्याच्या फायलीपासून सुरू होते! त्या बाजूने शिरलं की एरर पाण्याच्या फायलीत दबते आणि भोंगा शाबूत राहतो. लाट मात्र पाण्याच्या बाजूनेच येणार. कप्पाळ आमचं! इतके शुक्रवार आम्ही भलत्याच दारातून आत जाऊन सगळं ठीक म्हणतोय.

मामाने उडवून लावलं. मी म्हटलं, उद्या धक्क्यावर ये, हुकूम आहे. आमच्यात भाचीपुढे मामाचं काही चालत नाही. कुरकुरत हो म्हणाला.

८ मार्च, शनिवार

पाइपाचं झाकण काढलं. मामाने स्वतः फ्लोट वर उचलला. पडद्यावर पातळी लालभडक. भोंगा गप्प. पुन्हा उचलला. गप्प. मासे साफ करणाऱ्या बायका आमच्याकडे बघत राहिल्या.

मामा मटकन खाली बसला. "लुपे आणि पोरं इथेच खाली झोपतात गं," म्हणाला. लुपे म्हणजे मामी. त्यांचं घर किनाऱ्याला लागून, पहिलंच. मामाला असा कधी पाहिला नव्हता. भांडायचं ठरवून गेले होते, पाइपाचं झाकण लावून त्याच्याशेजारी बसले.

९ मार्च, रविवार

आज बेटावर कोणी काम करायचं नाही. चर्च, जेवण, झोप. चुलखड्ड्यातलं लू, अळूच्या पानात गुंडाळून शिजवलेलं मांस, समोर आलं, तसंच बाजूला सरकवलं. देवा, आजचा दिवस निभू दे!

१० मार्च, सोमवार

धोक्याची पातळी उचलून तिसऱ्या, छोट्या फायलीत ठेवली. ती कोणालाच बोलावत नाही. दोघी तिच्याकडे येतात, एकमेकींना अडवत नाहीत. फेरा तुटला. पांघरूणही काढून टाकलं.

दम निघेना. कोणाला न सांगता धक्क्यावर पळाले आणि फ्लोट उचलला – वाजला!! अख्खं गाव टेकडीवर. कोणी अर्धं जेवण टाकून, कोणी साबण लागलेल्या अंगाने. खाली आल्यावर पास्टरबाईंनी माझी जी काही शोभा केली!

मामा पोट धरून हसला. मग सगळ्यांसमोर बजावलं, "पुन्हा न सांगता फ्लोट उचललास ना, कानाखाली वाजवीन. भाची असलीस तरी."

रागावला नव्हता. घरी जाताना मला तारोची, अळूच्या कंदांची, मोळी दिली.

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी भोंगा वाजला. आपोआप. खरं पाणी आलं. गाव टेकडीवर आहे, लुपेमामी आहे, पोरं आहेत.

मामी सांगते, भोंगा ऐकून मामा चिडून उठला – "पोरीने परत फ्लोट उचलला वाटतं. तुम्ही व्हा वर, मी तिला घेऊन येतो." आणि धक्क्याकडे गेला.

मी वर कचेरीत होते. धक्का उरलेला नाही.