आईच्या खोलीतलं मशीन

चिमे,

अकराला नगरपालिकेचा माणूस खोल्या मोजायला येतोय. राहत्या घरात धंद्याला एकच खोली चालते. दोन दिसल्या तर तुझं शिवणकाम बंद. म्हणून आईच्या खोलीतलं मशीन मी मामाकडे ठेवायला चाललोय. त्या खोलीत एक चिंधीसुद्धा राहू देऊ नकोस. त्या माणसाशी वाद घालू नकोस, तुझी जीभ आईवर गेलीय.

तिची खाट परत मांडली आहे. चादर घालायला गेलो, जमलं नाही. तेवढी तू घाल.

इथे कोण झोपतं, असं तो विचारेल. बाबा झोपतात म्हणून सांग. ती गेल्यापासून मी स्वयंपाकघरात सतरंजीवर पडतो, हे त्याला कशाला? खोटं बोलायला लावलं म्हणून रागावू नकोस. आजपासून तिच्या खाटेवरच झोपेन.

बाबा