फ्रीजरमधलं बेअरिंग

नालोंगो, माझ्या जुळ्यांच्या आई,

फ्रीजरमध्ये तुझ्या ज्यूसच्या पिशव्यांखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसेल. ते मटण नाही, मोटरसायकलच्या इंजिनाचं नवं बेअरिंग आहे. बाहेर काढू नकोस, आणि आपल्या बाबिर्येला तर तिकडे फिरकूच देऊ नकोस. मी येईपर्यंत कुणी ज्यूस मागितला तर सांग, अजून गार व्हायचाय.

इंजिनाचं कवच बेकरीवाल्या ल्वांगाच्या भट्टीत तापायला ठेवलंय. पाव काढून झाल्यावर जागा दिली त्यानं, पण टोमणा मारलाच, "सालोंगो, याला लोणी लावून देऊ का?" कवच तापून फुगलं आणि बेअरिंग गारठून आकसलं, की ते अलगद आत बसतं. मागच्या वेळी आमच्या मोटरसायकल-टॅक्सीच्या स्टँडवरच्या पोरांनी जुनं बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवलं होतं, म्हणून इतक्या लवकर वाजायला लागलं. गाडीत खोट नाही गं. तुझं कालचं "विकून टाक ते धूड" आजच्यापुरतं राहू दे.

कवच पोत्यात गुंडाळून गरमागरम घेऊन धावत येतो, बेअरिंग बसवतो आणि उरलेलं काम करायला स्टँडवर जातो.

रोज न्येंडोच्या चढावरून माझी खडखड ऐकू आली, की तू शिजलेल्या केळ्यांवरची पानं उघडतेस. आज काही ऐकू आलं नाही, तर मी रुसून बाहेर राहिलो असं समजू नकोस. पानं उघड. मी दारातच उभा असेन.

— सालोंगो