लपवलेली तक्रार

बुधवार, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तुझे अकरा मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत तीन आठवडे ढकलले. कागदावर लिहितोय, कारण इथे फोन दारातच काढून घेतात. मी बरा आहे. खोलीचा नळ अजून गळतो. शेजारचा स्वयंपाकी अंघोळीला गेला की असा काही सूर लावतो की... जाऊ दे, ते नंतर.

तू म्हणतेस, "तिथेच कामाला आहेस ना, मग विचार की कुणाला तरी!" विचारू कुणाला? क्रिप्टो एक्स्चेंज म्हटलं की तुला बँकेसारखं काउंटर, तिजोरी वाटत असेल. इथे एक हॉल आणि आम्ही नऊ जण. एक्स्चेंजच्या पानावर लोक जे लिहितात त्याला उत्तरं द्यायची, एवढंच काम. मालक आम्ही फक्त व्हिडिओत पाहिलाय. मी आधी संत्र्याच्या बागेत राबलो, मग बोटीवर, मग हे काम. आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली म्हणून केवढा फुगलो होतो! कंपनीच्या टी-शर्टातला फोटो मीच पाठवला. तो बघूनच भाऊजींनी दुकानाच्या गाळ्यासाठी साठवलेलं सगळं यात टाकलं, ठाऊक आहे मला.

आता मुद्द्याचं. लोकांचे खात्यातले पैसे निघेनासे झाले त्याच दिवशी पानावर 'पारदर्शकता सप्ताह' सुरू झाला. रोज 'सगळं सुरक्षित' म्हणत एक हिरवी खूण. आणि सुपरवायझरबाईंनी आम्हाला एक बटण दाखवलं. "काढून टाकायचं नाही रे, बोंब होते. नुसतं लपवायचं." लपवलं की लिहिणाऱ्याला आपली तक्रार जागच्या जागी दिसते, बाकी कुणालाच नाही.

तुझी आली. फोटोत भाऊजींची घड्याळदुरुस्तीची पाटी. "माझ्या नवऱ्याचे पैसे अडकलेत. आणखी कुणाचे अडकलेत का?" बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "झोप लागली का?"

दाबलं मी बटण.

खाली उत्तरही टाकलं : "नमस्कार ताई, तुमचे पैसे सुरक्षित आहेत. तांत्रिक काम चालू आहे." तो मीच गं. जन्मात पहिल्यांदा तुला अहो-जाहो केलं.

तू रोज लिहिलंस, मी रोज लपवलं. कुणीच बोलत नाही म्हणजे आपलंच नशीब फुटकं, असं वाटलं असेल तुला. तसं नाही. हजारो जण आहेत, प्रत्येक जण एकटाच ओरडतोय. परवा एक तक्रार लपवली, नंतर कळलं, बाईंच्या नवऱ्याची होती. बाई त्या दिवशी डबा न उघडताच घरी घेऊन गेल्या.

पैसे आहेत की बुडाले, देवाशपथ मला माहीत नाही. तू पोलिसात जा. माझं नाव दे. एवढं तरी...

थांब, रखवालदार आलाय. म्हणतो, "खाली तुझे भाऊजी आलेत." मी विचारलं, फार चिडलेत का? "छे रे! फाटकावर माणसं जमलीत, त्यांनाच धीर देतायत. म्हणतायत, माझा मेहुणा आत आहे, घरचा माणूस, तो खोटं सांगणार नाही."

ताई, खाली जातोय.

अजून तुझा म्हणवून घेणारा,
धाकटा