विरळ हवेतील स्मरणशक्ती तपासणीबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
आस्थापना शाखा, हवामान विभाग.

विषय : स्मरणशक्ती कमी झाल्याच्या कारणावरून झालेली बदली रद्द करून फेरतपासणी होण्याबाबत.

संदर्भ : वैद्यकीय अहवाल व त्यावरून निघालेला आपला बदली आदेश.

महोदय,

अर्जदार वरच्या हवामान केंद्रावर रोपवे चालवतो. इथे हवा विरळ आहे. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू आधी ताज्या गोष्टी सोडून देतो, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. म्हणून दरवर्षी सर्वांची तपासणी होते. त्याबद्दल काही म्हणणे नाही. म्हणणे यंदाच्या तपासणीबद्दल आहे.

१. डॉक्टरसाहेब खालून आले ते थेट कामालाच लागले. नव्या माणसाने वर आल्यावर आधी एक दिवस पडून राहावे, असा नियम आहे. अर्जदाराने तसे सुचवले. "मला काय धाड भरलीय? तुम्ही बसा," असे म्हणून साहेब स्वतःच खाली बसले.

२. त्यांनी लक्षात ठेवायला कुलूप, लिंबू, शिडी, बटण, घोडा हे शब्द दिले. थोड्या वेळाने आठवतात का म्हणून विचारायचे ते राहिले आणि साहेबांनी नवे शब्द दिले. मग आणखी नवे. अखेर त्यांनी "सांगा" म्हटल्यावर अर्जदाराने "साहेब, यातले कोणते?" असे विचारले. त्यावर "गोंधळतो" असा शेरा पडला. अहवालातील रक्तदाबही अर्जदाराचा नाही. पट्टा साहेबांनी स्वतःच्याच दंडाला गुंडाळला होता. अर्जदाराने मध्ये बोलणे बरे दिसले नसते. निघताना साहेबांनी निरोप दोनदा घेतला आणि चष्मा इथेच ठेवून गेले. तो टपालाने पाठवला आहे.

३. "स्वतःशी बोलतो" असाही शेरा आहे. इथे विसरायला होते म्हणून केलेले काम मोठ्याने सांगायचे आणि जोडीदाराने ते परत म्हणायचे, हा कार्यालयाचाच नियम आहे. अर्जदाराची जोडीदार म्हणजे त्याची पत्नी. ती रोपवेवर मदतनीस होती. अर्जदाराने "ब्रेक लावला" म्हटले की ती नुसते "लावला" म्हणत नसे. "लावला म्हणे! हात लावून बघा आधी, मग सांगा," असे म्हणे. गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिची जागा अजून भरलेली नाही. नियम मोडू नये म्हणून दोन्ही बाजू अर्जदारच म्हणतो. टोमणाही म्हणावा लागतो, कारण त्याशिवाय हात ब्रेककडे जात नाही. आपण बदली केली आहे ती आवक-जावक विभागात. तिथे हे कुठे म्हणावे?

४. शेवटचा प्रश्न, घरात माणसे किती? अर्जदाराने "दोन" सांगितले. त्यापुढे "पत्नीच्या निधनाचे विस्मरण, ऑक्सिजनच्या अभावाचा परिणाम" असे लिहिले आहे आणि बदलीचे कारणही तेच दाखवले आहे.

याबाबत नम्रपणे कळवायचे ते असे. अर्जदार उन्हाळ्यात रजा घेऊन मुलीकडे खाली राहिला होता. तिचे घर अगदी सपाटीवर आहे, खिडक्याही मोठ्या आहेत. पहिल्याच सकाळी अर्जदाराने चहाचे दोन कप भरले आणि एक झाकून ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा कुणाला?" दुसऱ्या दिवशीही तेच झाले. पुढे तिने विचारायचे सोडले. निघायच्या दिवशी कप तिनेच झाकला. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे, ती शाळेत शिकवते.

तरी या कारणावरून अर्जदारास खाली पाठवू नये. फेरतपासणी अवश्य करावी, मात्र डॉक्टरसाहेबांना आधी एक दिवस झोपू द्यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुकले हे अर्जदारास मान्य आहे, आणि फेरतपासणीतही ते चुकेल. त्याचे खापर हवेवर फोडू नये, एवढीच विनंती.

आपला नम्र,
(सही)
रोपवे चालक, वरचे केंद्र
दि. ९ नोव्हेंबर