यांना घेऊन निघतेय

सूनबाई,

तुझा आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. मऊ भात झाकून ठेवलाय, छकुली उठायच्या आत दोन घास खाऊन घे. पाण्याची बादली उचलू नकोस.

यांना घेऊन मी बाहेर निघतेय. भाजीवाल्याने हातगाडी दिली आहे आणि ढकलायलाही तोच येतोय. काल यांना कुशीवर वळवताना तुझे बाळंतपणाचे टाके उसवले. तू पदर ओढून झाकलंस, पण मला दिसलं. मदतीला येणाऱ्या नर्सबाईंचं केंद्र बंद झाल्यापासून सगळा भार तुझ्यावरच पडलाय. माझा हात तर वरच होत नाही. अशाने तू अंथरूण धरलंस तर त्या अंगावर पिणाऱ्या लेकराचं काय होईल?

निराधारांच्या आश्रमात मी विचारून आले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी, ज्याचं कुणीच नाही त्यालाच आम्ही घेतो." म्हणून मी सांगणार आहे, की हे मला रस्त्याकडेला सापडले. कुणी चौकशीला आलं तर तूही ओळख दाखवू नकोस. तुझा नवरा कामाच्या गावाहून आला की त्याला काय सांगायचं ते मी सांगेन.

यांना मी फिरायला नेते म्हणाले होते. पण अंगात धुतलेला सदरा घालताना हेच हळूच म्हणाले, "तिथे मला 'अहो' म्हणू नकोस. लगेच ओळखतील."

लग्न झाल्यापासून मी दुसरी हाकच मारलेली नाही गं.

आई