घोड्या फक्त पायलचं ऐकतात

घाटंजी,
१२ मार्च २००७

ती. नलूआत्यास पायलचा सप्रेम जयभीम.

फोन बाबांच्या खाटेला लागून आहे, म्हणून काही गोष्टी पत्रातच लिहाव्या लागतात.

बाबांच्या मांडीचं हाड जुळतंय, पण वरातीच्या बग्गीवर चढणं आता होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीत त्यांचा पाय मोडला तेव्हा मी आठवड्यासाठी आले होते. अजून इथेच आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा ट्रंकेत आणि मी तबेल्यात.

घोड्यांचं मात्र जमलं. चांदणी आणि शबनम एकत्र जुंपल्या की बग्गी तिरकी जायची. बाबा चांदणीला दोष देत. मी काही दिवस नुसतं पाहिलं. शबनम जागची हलायची नाही, चांदणी ओढायला लागली की मगच पाऊल टाकायची. चाबूक बसायचा तो चांदणीलाच. मी चाबूक बंद केला, दोघींच्या बाजू बदलल्या आणि पुढे चालत जिभेने टक् असा आवाज करायची सवय लावली. आवाज झाला की दोघी एकदम निघतात. फटाक्यांतही बिचकत नाहीत. बाबा येईल त्याला सांगतात, घोड्या फक्त पायलचं ऐकतात.

अडचण तीच आहे. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात मला ट्रेनी म्हणून घेतलंय. सात मेला सकाळी हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. यंदा कापसाला भाव नसल्यामुळे स्वतंत्र वराती जवळजवळ बंद आहेत. सहा मेला संध्याकाळी सामूहिक लग्न आहे, सगळ्या नवरदेवांची एकच वरात, पुढे आमची बग्गी. वरात आटोपल्यावर नागपूर गाठून देणारी गाडी नाही. बाबा नको म्हणत नाहीत. म्हणतात, जा की, फक्त घोड्या कोण नेईल तेवढं सांगून जा. रहमतचाचा त्यांचे जुने जोडीदार, पण त्यांच्या हातात दोघी खांबासारख्या उभ्या राहतात.

माया आहेच तुमची, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
पायल


मुकुटबन,
२० मार्च

चि. पायलले नलूआत्याचा जयभीम आन आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. इकडे ऊन तापून राह्यलं. घरातला कापूस घरातच आहे, त्याच्यावर मांजरीनं पिल्लं घातली. चला, तिचा तरी हंगाम चांगला गेला.

एक विचारते, राग नको धरू. घोड्या फक्त तुह्यं ऐकते म्हणते, ते ऐकून तुले बरं वाटते का नाही? तुह्या बापाले मी लहानपणापासून वळखते. तो कोणाले बांधत नाही. तो मोठेपणा देते, मग माणूस सोताच जाग्यावरून हालत नाही. नलूसारखी भाकर कोणाले जमत नाही, असं सांगत फिरे गावभर. माही दहावीची परीक्षा चुलीपाशी गेली आन मी खुशीत होती.

रहमतले काहून शिकवत नाही? दोन घोड्या जोडीनं चालवता येते तुले, त्या एका म्हाताऱ्याचं काहून जमत नाही? तो लाजन. तू लाजू नको.

भाचीवर जीव आहेच माहा. पत्र टाकत जाय, मंग तो तसाच राहीन.

तुही,
नलूआत्या


घाटंजी,
१५ एप्रिल

ती. नलूआत्यास सप्रेम जयभीम.

बरं वाटत होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

चाचांना शिकवायला घेतलं. मी हट्ट धरला की टक् हाच आवाज काढा, माझ्यासारखाच. त्यांच्या गालात कायम तंबाखूचा खर्रा, पुढचे दोन दात नाहीत. आवाज येईना. मी परत परत करायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांच्या पत्नी जोहराबी फाटकाशी आल्या आणि विचारू लागल्या, पोरी, आमच्या म्हाताऱ्याले बोलणं तर शिकवून राह्यली, घास चावणं कधीपासून शिकवतं? मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली.

ते परतले तेव्हा मी गप्प बसायचं ठरवलं. हरभरा भिजवताना ते काहीतरी गुणगुणत होते आणि दोघींचे कान त्यांच्याकडे वळले. हे रोजच होत असणार. मला ते ऐकूच आलं नव्हतं. मग म्हटलं, चाचा, असंच गुणगुणत चाला पुढे. पहिल्यांदा घोड्या निघाल्या.

आता अडचण मी आहे. मी दिसले की दोघी थांबतात आणि माझी वाट पाहतात. म्हणून चारापाणी चाचांवर सोडलं, तबेल्यात जाणं सोडलं. बाबांनी माझं कौतुक करणं बंद केलंय. काल एवढंच म्हणाले, गल्लीत चालतील, गर्दीचं कोण सांगावं.

तुमचा जीव आहे तेवढा पुरतो मला.

तुमची,
पायल


मुकुटबन,
२६ एप्रिल

चि. पायलले आशीर्वाद.

तुह्या बापानं आमच्या शेजारी फोन केलता. म्हणे, पायलले समजाव, नौकरी काय, पुन्हा भेटन. मी म्हटलं, काही ऐकू येत नाही, आन ठेवून देला. वरातीच्या दिवशी त्या रस्त्यावर उभी नको राहू. पोचली की मले लिहिजो, तवापर्यंत मले घास गोड लागणार नाही.

तुही,
नलूआत्या


बुटीबोरी,
८ मे

ती. नलूआत्यास सप्रेम जयभीम.

काल वेळेत हजर झाले. खोली बरी आहे.

परवा मी रस्त्यावर उभी नव्हते, गाडीत बसले होते. पण स्टँडबाहेर पडताच आमची यवतमाळ गाडी वरातीत अडकली. पुढे माणसं, मागे ट्रॅक्टर. बग्गी समोरून आली आणि माझ्या खिडकीखाली थांबली. खिडकी पूर्ण उघडी होती. त्यांना माझा वास आला असेल. शबनमने मान वर केली, चांदणीने पाय रोवले. बँड पुढे निघून गेला, मागचे नवरदेव ताटकळले, कोणीतरी ओरडलं, अरे बग्गीवाल्या डोमाजीच्या पोरीले बलवा.

चाचांनी वर पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, आत्या. मी एकदा टक् केलं असतं तर सगळं सुटलं असतं. मी दातांखाली जीभ धरली आणि सीटखाली वाकले. कंडक्टरने विचारलं, मळमळतं का ताई. मी हो म्हणून मान हलवली. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग चाचांचं गुणगुणणं ऐकू आलं, त्या गोंगाटातही, आणि खुरांचा आवाज. मी वर आले तेव्हा रस्ता मोकळा होता.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, वरात व्यवस्थित गेली असं रहमत सांगतो. मी बरं म्हटलं.

तुम्ही पुढच्या आठवड्यात घाटंजीला जाल तेव्हा बाबांजवळ बसा, पायाला तेल लावून द्या. आणि घोड्या थांबल्या होत्या, हे त्यांना कळू देऊ नका. चाचा बोलणार नाहीत. कळलं तर बाबा मला काही म्हणणार नाहीत, फक्त येईल त्याला पुन्हा तेच सांगत बसतील.

आठवण ठेवा, मीही ठेवते.

तुमची,
पायल